अकराचा भोंगा

भोंगा झाला तसे नीळकंठराव टिपणीस खुर्चीतून उठले आणि हात धुवायला मोरीकडे निघाले. कारखान्यातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. टाउनशिपमधलं क्वार्टर सोडून त्यांनी शेजारच्या अयोध्या नगरात घरही बांधलं होतं, पण पोट अजून कारखान्याच्याच हुकमात होतं. बाराचा भोंगा झाला की त्यांना भूक लागायची, मग सकाळी दोनदा पोहे का खाल्लेले असेनात.

"कुठे निघालात?" सिंधूताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "कुकर आत्ता चढवलाय."

"भोंगा झाला ना."

"अहो, अकरा वाजलेत. आज तीस जानेवारी. मौनाचा भोंगा तो."

नीळकंठराव ओल्या हातांनी तसेच उभे राहिले. गांधीजींच्या पुण्यतिथीला अकरा वाजता भोंगा होतो, दोन मिनिटं सगळे उभे राहतात आणि मग दुसरा भोंगा होतो, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पस्तीस वर्षं कारखान्याच्या भट्टीखात्यात ते याच दोन मिनिटांसाठी टोपी काढून उभे राहिले होते. पण तिथे आधी फोरमन ओरडायचा, यंत्रं थांबायची. घरात ओरडायला कोण होतं?

"गेल्या वर्षी याच दिवशी माझं हळदीकुंकू होतं," सिंधूताई हसत म्हणाल्या. "वसूला बायपासच्या मोडावरून आणायला गेलात आणि बस तासभर लेट आली म्हणून दिवसभर बसवाल्यांच्या नावानं खडे फोडत होतात. आठवतंय?"

तेवढ्यात दुसरा भोंगा झाला. तो थांबला तरी नीळकंठराव हलले नाहीत.

बस लेट नव्हती. वसुधा, त्यांची मुलगी, तेव्हाच म्हणाली होती, "बाबा, गाडी एकदम टाइमावर होती, तुम्हीच जल्दी आले असाल." त्यांनी तिला उडवून लावलं होतं. "मी बाराचा भोंगा ऐकून निघालोय. घड्याळ चुकेल, भोंगा चुकत नाही."

भोंगा चुकला नव्हताच. चुकले होते नीळकंठराव.

ते भोंगा ऐकून निघाले होते गोविंदपुऱ्यातून. निवृत्तीनंतर ते घरी बसले नाहीत. कारखान्याशेजारच्या गोविंदपुऱ्यात अरविंद शेजवळकर या ग्वाल्हेरकडच्या माणसाचं छोटं युनिट होतं, तिथे पोलादाला पाणी द्यायचं काम ते बघत. लालबुंद पोलाद तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून मग ते मंद आचेच्या भट्टीत मुरू द्यायचं. किती वेळ मुरवायचं, त्यावर सगळं अवलंबून. त्या भट्टीची वेळ कागदावर उमटवणारं पेन बंद पडून महिना झाला होता, आणि अरविंद सगळ्यांना सांगायचा, "काका आहेत तोवर पेन कशाला पाहिजे?" कौतुकानं शहाणा माणूसही चढतो. नीळकंठराव चढले होते. भट्टीजवळ घड्याळ तापतं म्हणून मनगटावर घड्याळ बांधत नसत आणि फोन घरी ठेवून येत.

गेल्या वर्षीच्या त्या दिवशी भट्टीत पंचवीस पिना होत्या, मनगटापेक्षा जाड आणि दीड वीत लांब. बरगदघाटला नर्मदेवर तारांचा मोठा पूल होत होता. नदीत उभ्या केलेल्या उंच खांबांवरून तारा सुटतात आणि पुलाला दोन्ही अंगांनी उचलून धरतात. प्रत्येक तारेचं खालचं टोक एका पिनेत अडकवलेलं असतं. पिन गेली की तार गेली, असा साधा हिशेब.

पिना नऊला भट्टीत घातल्या होत्या आणि बाराला काढायच्या होत्या. नीळकंठरावांचं अर्धं लक्ष वसूच्या बसकडे. भोंगा झाला, त्यांनी पिना काढल्या आणि रजिस्टरात स्वतःच्या वळणदार अक्षरात वेळ लिहिली, बारा. खाली सही. भट्टीचं दार उघडं, ब्लोअर घरघरतोय, त्यात दोन मिनिटांनी झालेला दुसरा भोंगा कुठला ऐकू यायला! बाराचा खरा भोंगा झाला तेव्हा ते बायपासवर ट्रकांच्या गोंगाटात बसवाल्यांवर चरफडत उभे होते. पिनांबरोबर ठेवलेला तपासणीचा तुकडा बोटाएवढा होता. त्याला दोन तास पुरले आणि तो पास झाला. जाड पिनांना पुरले नसणार. भाकरी वरून खरपूस आणि आत कच्ची राहावी, तसं झालं असणार.

त्यातल्या चोवीस पिना पुलाला गेल्या.

"पान वाढू का? जेवताय ना?" सिंधूताईंनी अर्ध्या तासानं विचारलं. नीळकंठरावांनी मान हलवली, पण दोन घासांतच ते उठले.

पुढच्या मंगळवारी रथसप्तमी होती. नर्मदाकाठी तोच दिवस नर्मदा जयंतीचा, आणि त्याच दिवशी पूल खुला होणार होता. नदीच्या पलीकडे पंधरा-सोळा गावं. दवाखाना, मंडी, मोठी शाळा सगळं अलीकडे. उन्हाळ्या-हिवाळ्यात होडी, पावसाळ्यात तीही बंद, आणि मग ऐंशी किलोमीटरचा वळसा. वसुधाचं सासर अलीकडे बरगदघाटलाच, पण ती शिकवायची ती शाळा पलीकडे. रोज होडीनं जायची. तिची शाळा आठवीपर्यंत होती. आठवी झाली की पोरी घरी बसायच्या, कारण पुढची शाळा नदीपार आणि रोज होडीतून मुलीला कोण पाठवणार? दोन वर्षांपूर्वी होडी उलटून पटवारी आणि दोन बाया गेल्या होत्या. वसुधा त्याच होडीत असणार होती, पण हजेरीपट घरी विसरला म्हणून मागे फिरली आणि वाचली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा होडीत बसली. नीळकंठरावांनी त्यानंतर कित्येक दिवस सकाळी तिचा फोन येईपर्यंत चहा घेतला नव्हता.

म्हणून तर त्या पुलाचं काम गोविंदपुऱ्यात आलं तेव्हा ते हरखून गेले होते. आपल्या लेकीच्या पायाखालचा पूल, त्याच्या पिना आपल्या हातच्या.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवारही गेला. नीळकंठराव कुणाशी काही बोलले नाहीत. खोटं कशाला सांगायचं, पहिले दोन दिवस त्यांना भीती वाटली ती स्वतःच्या नावाचीच. टाउनशिपच्या महाराष्ट्र मंडळात लोक त्यांना पाहून घड्याळं लावत. तिथे आता लोक काय म्हणतील? ते मनाला समजावत राहिले. महिन्यापूर्वी पुलावर भरलेले ट्रक उभे करून चाचणी झाली होती आणि पूल पास झाला होता. मग आता काय होणार आहे? पण ही समजूत फार वेळ टिकत नसे. जन्मभर पोलादाशी संसार केलेला माणूस तो. कच्चं पोलाद आधी कण्हत नाही, वाकत नाही, इशारा देत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ते शंभरदा सोसतं आणि थंडीच्या एखाद्या सकाळी एकाएकी तुटतं. मंगळवारची सकाळ थंडीचीच असणार होती.

रविवारी वसुधाचा फोन आला.

"बाबा, तुम्ही आणि आई सोमवारीच या. मंगळवारी सकाळी गर्दीत घुसता येणार नाही. नर्मदा मैयाला चुनरी चढवायची आहे ना, ती या वर्षी पुलावरून नेणार, ह्या काठावरून त्या काठापर्यंत. आणि सगळ्यात पुढे कोण माहीत आहे? माझ्या शाळेच्या पोरी. एकोणीस जणी. मी त्यांच्यासोबत."

"तू पुढे जाऊ नकोस," नीळकंठराव म्हणाले.

"का?"

"गर्दी असते."

"गर्दी तर मागे असते बाबा, पुढे तर मोकळंच." ती हसली. "मी पोरींना सांगितलंय, पुलाच्या पिना माझ्या वडिलांनी केल्यात. आता साऱ्या जणी प्रत्येक तारेपाशी थांबून बघणार म्हणतात."

फोन ठेवल्यावर नीळकंठराव तिथेच बसून राहिले. डोळ्यांपुढे एकच गोष्ट येत राहिली. पिवळी चुनरी धरलेल्या एकोणीस पोरी, त्यांच्यापुढे वसू, मागे पाचेक हजार माणसं, आणि खाली नर्मदा. आता नाव गेलं तरी चालेल असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्यावर भीती कमी व्हायच्याऐवजी दुप्पट झाली. कारण आता फक्त खरी भीती उरली होती.

सोमवारी युनिट उघडायच्या आधीच ते अरविंदच्या दारात उभे होते. अरविंदनं सगळं ऐकून घेतलं, कपाटातून मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं आणि पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे बघा काका. टाकल्या नऊ, काढल्या बारा. अक्षर तुमचं, सही तुमची."

"खोटं आहे ते. अकरा वाजले होते."

"कोण मानेल? साऱ्या गोविंदपुऱ्यात तुमचा टाइम चालतो. तुम्ही बारा लिहिले म्हणजे बारा." त्यानं आवाज खाली आणला. "काका, दिवाळीत तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून घरी बसून तुम्ही नाहक परेशान होऊन राहिले. लोड टेस्ट पास झाली. उद्या उद्घाटन आहे. आज मी तिथे जाऊन काय सांगू? आमच्या काकांना वर्षभरानं आठवलं की भोंगा दुसराच होता?"

"हो, तेच सांग."

"आणि तुमचं खरं निघालं तर? आपलं शटर डाउन. तीस माणसं आहेत माझ्याकडे."

नीळकंठराव स्कूटरवर बसले. आयुष्यभर जपलेलं नाव आता त्यांच्याच आड उभं होतं. त्यांचंच अक्षर त्यांना खोटं पाडत होतं आणि लोक अक्षरावर विश्वास ठेवणार होते.

घरी सिंधूताईंनी पापडांचं पीठ भिजवलं होतं. मागच्या दाराशी बसून त्या ते कुटत होत्या आणि त्यांच्या हातात होती पंचविसावी पिन. चरा पडला म्हणून नाकारलेली. नीळकंठराव ती गेल्या वर्षी घरी घेऊन आले होते. एरवी वाऱ्यानं मागचं दार आपटू नये म्हणून ती दाराला लावलेली असे आणि पापडांच्या दिवसांत कुटायला कामी येई. वर्षभर ते तिला ओलांडून तुळशीला पाणी घालायला जात होते.

"ती दे इकडे," ते म्हणाले.

"पीठ आळून जाईल. थांबा जरा."

"सिंधू, दे."

लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, पण त्यांनी अशा आवाजात कधी काही मागितलं नव्हतं. सिंधूताईंनी पिन खाली ठेवली. मग नीळकंठरावांनी त्यांना सगळं सांगितलं, अकराच्या भोंग्यापासून. ऐकताना सिंधूताईंचे पिठाचे हात मांडीवर तसेच राहिले. मग त्या उठल्या, पिन पुसली, जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि पायांत चपला घातल्या.

"मीही येते. तुटली तर?"

"तुटली तर जाऊन सांगायचं."

"आणि नाही तुटली तर?"

"तर मला डॉक्टरकडे ने."

स्कूटरवर मागे बसून सिंधूताईंनी टॉवेलातली पिन लेकरासारखी छातीशी धरली होती. नीळकंठराव देवाला मानणारे, पण मागणारे नव्हते. त्या दिवशी मात्र गोविंदपुऱ्यापर्यंत ते एकच मागत राहिले, की ही तुटू नये, मी वेडा ठरू दे.

सिंधूताईंना दारात पाहून अरविंदला नाही म्हणता येईना. पिन दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवली आणि वरून दाबयंत्राचा दांडा तिच्या मधोमध टेकवला. चांगली मुरलेली पिन आधी वाकते. किती दाबाला वाकायला लागायची, ते नीळकंठरावांना तोंडपाठ होतं. कामगार हातातलं काम सोडून भोवती जमले. काटा हळूहळू चढू लागला. पाव झाला. पिन सरळ होती. काटा अर्ध्यावर आला, चांगली पिन वाकते तो आकडाही मागे पडला, पण ही अजून सरळ होती, केसभरही वाकली नव्हती. नीळकंठराव म्हणाले, "वाक गं बाई."

ती वाकली नाही. मोठा कडाका झाला आणि पिनेचे दोन तुकडे दोन बाजूंना उडाले.

अरविंदनं एक तुकडा उचलून उजेडात धरला. तुटलेल्या तोंडावर खडीसाखरेसारखे कण चमकत होते. हे आत कच्च्या राहिलेल्या पोलादाचं लक्षण, ते त्याला काकांनीच शिकवलं होतं. तो स्टुलावर बसला. मग उठला, रजिस्टर काखेत मारलं, गाडीची किल्ली घेतली आणि नीळकंठराव-सिंधूताईंना म्हणाला, "चला."

बरगदघाटला पोचेपर्यंत तीन वाजले. पुलावर झेंडूच्या माळा चढत होत्या. नीळकंठरावांनी हा पूल फोटोत पाहिला होता, समोरून पहिल्यांदाच पाहत होते. उंच खांब, त्यावरून उतरलेल्या पांढऱ्या तारा, सगळं इतकं देखणं की त्यांना वर पाहवेना. पुलाच्या मुख्य इंजिनिअर बाई तंबूत खुर्च्यांची व्यवस्था बघत होत्या. नीळकंठरावांनी टॉवेल सोडून दोन तुकडे त्यांच्या टेबलावर ठेवले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. बाईंनी रजिस्टराकडे पाहिलंही नाही. त्या तुकडाच न्याहाळत राहिल्या.

"अशा किती आहेत?"

"चोवीस."

"कुठल्या तारांना?"

अरविंदनं यादी पुढे केली. बाईंनी ती वाचली. नदीच्या मधल्या भागातल्या तारा होत्या. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन उचलला आणि पहिला हुकूम दिला तो माळा बांधणाऱ्या माणसांना खाली उतरवण्याचा. दिवस मावळायच्या आत पुलाच्या दोन्ही टोकांना लोखंडी कठडे लागले.

मंगळवारी सकाळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक चिडले होते, आणि का चिडू नयेत? दहा वर्षं त्यांनी पुलाची वाट पाहिली होती. कुणी म्हणत होतं पूल खचला, कुणी म्हणत होतं साहेबलोकांचं भांडण झालं. चुनरी नेहमीसारखी होड्यांवरून न्यायचं ठरलं. नदीवर धुकं इतकं दाट, की चार वल्ही मारून गेलेली होडी दिसत नव्हती. वसुधाच्या एकोणीस पोरी आदल्या दिवशीच अलीकडे येऊन तिच्या अंगणात मुक्कामाला होत्या. आता त्यांना परत न्यायचं होतं, होडीनंच.

वसुधा घाटाच्या पायरीवर वडिलांपुढे येऊन उभी राहिली. तिला रात्रीच सगळं कळलं होतं.

"किती दिवस लागतील, बाबा?"

"नव्या पिना करायच्या. मग एकेक तार सैल करून बदलायच्या. पावसाळा जाईल."

"म्हणजे या वर्षीच्या आठवीच्या पोरी घरी बसणार. सात जणी आहेत." ती पुलाकडे पाहत होती. "तुम्ही सांगितलंत ते ठीकच केलंत. नाही तर आम्ही आत्ता वर असतो." एवढं बोलून ती पोरींना हाका मारायला वळली. तिनं वडिलांकडे पाहिलं नाही.

नीळकंठरावांना वाटलं होतं, सांगून टाकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. धोंडा उतरला नव्हता. पुलावरून वाचवलेली लेक ते स्वतःच्या हातानं होडीत बसवत होते. होडी पंधरा माणसांची. मागून गर्दी रेटत होती आणि सगळ्या पोरी एकदमच चढायला लागल्या. तसे नीळकंठराव गुडघाभर पाण्यात उतरले, होडीच्या काठाला हात लावला आणि म्हणाले, "दहा. बाकीच्या दुसऱ्या खेपेला." नावाडी काहीतरी कुरकुरला, पण त्यांनी काठ सोडला नाही. दहा पोरी बसल्या, पुढे वसुधा बसली. उरलेल्या नऊ जणी सिंधूताईंचा पदर धरून पायरीवर थांबल्या.

"कितना टाइम लगता है?" नीळकंठरावांनी नावाड्याला विचारलं.

"बारह मिनट, बाबूजी."

होडी निघाली आणि धुक्यात नाहीशी झाली. वल्ह्यांचा आवाज थोडा वेळ ऐकू आला, मग तोही बंद झाला. नीळकंठरावांनी मनगटाकडे पाहिलं. मनगट रिकामं होतं. त्यांनी शेजारी उभ्या अरविंदपुढे हात केला. अरविंदनं आपलं घड्याळ सोडून त्यांच्या हातावर बांधलं.

पाच मिनिटं झाली. आठ झाली. घाटावर आरती सुरू होती, तिच्यात त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना पटवारी आठवत होता, ज्याला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. बारा मिनिटं झाली, तेरा झाली. चौदाव्या मिनिटाला धुक्यातून, पलीकडून, घंटेचा आवाज आला.

"पोचल्या काका," अरविंद म्हणाला. "शाळेची घंटा."

"ती कशाचीही घंटा असेल," नीळकंठराव म्हणाले आणि पाण्यातून हलले नाहीत.

बऱ्याच वेळानं धुक्यातून होडीचं टोक दिसलं. होडी रिकामी होती. मग नावाड्यानं दुरूनच हात वर केला. "सब उतर गईं, बाबूजी. मास्टरनीजी ने कहा है, आप पानी से बाहर निकलो."

नीळकंठराव तरी बाहेर आले नाहीत. उरलेल्या नऊ पोरींना त्यांनी हाताला धरून एकेक करत होडीत बसवलं आणि मोजलं, मग पुन्हा एकदा मोजलं. खिशात उद्घाटनाची पत्रिका होती. होडी काठापासून सुटली तशी त्यांनी ती काढली, अरविंदचं पेन मागितलं आणि पत्रिकेच्या मागच्या बाजूला वेळ लिहिली, नऊ बेचाळीस. या खेपेला ती त्यांनी घड्याळात पाहून लिहिली होती.